एका खुर्चीला चाके, दुसरीला खिळे

फेब्रुवारी 2018. त्या एका महिन्यात महाराष्ट्र सरकारने दोन खुर्च्यांचा निकाल लावला. पुण्यात पीएमपी या बस कंपनीच्या अध्यक्ष व व्यवस्थापकीय संचालकाच्या खुर्चीवरून तुकाराम मुंढे यांना उचलले आणि नाशिकला नेऊन ठेवले. मार्च 2017 मध्ये आलेला माणूस. अकरा महिनेही धड भरले नव्हते. त्याच महिन्यात मुंबईत रस्ते विकास महामंडळाचे उपाध्यक्ष व व्यवस्थापकीय संचालक राधेश्याम मोपलवार वयोमानाप्रमाणे सेवानिवृत्त झाले. शाल-श्रीफळ देऊन घरी पाठवायचे, तर सरकारने त्यांना त्याच दालनात, त्याच टेबलामागे पुन्हा बसवले. ज्याची मुदत भरली नव्हती तो गेला, ज्याची भरली होती तो राहिला. सरकार तेच, सहीचा हातही तोच.

मावळातल्या माणसाला या दोन खुर्च्यांशी काय करायचे आहे? पुष्कळ. निगडीहून वडगाव-कामशेतकडे येणारी बस पहिल्या खुर्चीच्या ताब्यात, आणि तालुक्याच्या छाताडावरून उर्सेपासून खंडाळ्यापर्यंत गेलेला मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग दुसरीच्या. बस आली नाही तर उभे आम्ही राहायचे. घाट तुंबला तर लोणावळ्याच्या गल्ल्यांतून गाड्यांचा लोंढा आमच्याच दारात येतो. आणि जाब विचारायला जावे, तर एका खुर्चीवर विचारलेला प्रश्न कळण्याआधी साहेब बदललेला असतो, आणि दुसरीवर साहेब इतका मुरलेला असतो की प्रश्न विचारणाऱ्यालाच बदलून घ्यावे लागते!

मुंढे यांचे सगळेच बरोबर होते, असे आम्ही म्हणत नाही. ज्येष्ठ नागरिकांच्या पासाचे दर त्यांनी वाढवले तेव्हा म्हातारी माणसे चिडली आणि त्यांचे चिडणे चूक नव्हते. लोकप्रतिनिधींशी बोलण्याची त्यांची रीतही आम्हाला कधी भावली नाही. पण धंदा तोट्यात आहे म्हणून आणलेल्या माणसाला एक ताळेबंद तरी पूर्ण करू द्याल की नाही? वीस वर्षांच्या नोकरीत विसाहून अधिक बदल्या झालेला हा अधिकारी. शेतकऱ्याने दर वर्षी बैल बदलला तर गाव त्याला वेडा म्हणते. सरकारने केले की त्याला ‘प्रशासकीय कारण’ म्हणतात.

मुंढे गेले म्हणून पीएमपीचा रोग गेला, असेही नाही. पीएमटी आणि पीसीएमटी यांचे लग्न लावून 2007 मध्ये ही कंपनी काढली. कंपनी कायद्याखाली नोंदलेली, पुणे आणि पिंपरी-चिंचवड या दोन महापालिकांच्या मालकीची. दोन सासरे असलेल्या सुनेची जी गत तीच हिची. डॉ. श्रीकर परदेशी यांच्यासारखा धडाडीचा अधिकारी तिला मिळाला, तोही ‘अतिरिक्त कार्यभार’ म्हणून. म्हणजे मूळ काम नोंदणी महानिरीक्षकाचे, उरल्या वेळात लाखो प्रवाशांची बससेवा. त्या उरल्या वेळातही बस वेळेवर धावू लागल्या, आणि काही महिन्यांत परदेशी दिल्लीला गेले. मुंढे यांच्यानंतर नयना गुंडे त्यातल्या त्यात बऱ्यापैकी टिकल्या. पुढे 2023 आणि 2024 या दोन वर्षांतले नुसते नामफलक मोजा: ओमप्रकाश बकोरिया, सचिंद्र प्रताप सिंह, संजय कोलते, दीपा मुधोळ-मुंडे. दोन वर्षे, चार माणसे. यांतले एकही नाव नालायकाचे नाही, हीच तर रडण्याची गोष्ट आहे. चांगले आचारी आणायचे आणि फोडणी तडतडायच्या आत चुलीपुढून उठवायचे. मग पानात कच्चे पडले म्हणून आचाऱ्याला शिव्या!

एसटीच्या संपकाळात पीएमपीची बस खेड्यांपर्यंत पोहोचली. 2022 च्या अखेरीस ग्रामीण मार्ग टप्प्याटप्प्याने बंद करायला घेतले. एका साहेबाने वाढवलेले दुसऱ्याने कापले. दोघांकडेही आकडे होते, दोघांचीही टिपणे बिनचूक असतील. फाट्यावर दप्तर घेऊन उभी असलेली आठवीतली पोर मात्र कोणत्याच टिपणात नव्हती.

आता दुसरी खुर्ची. तिथे वेगळी अडचण, उलट्या टोकाची.

आम्ही मोपलवार यांच्या वैयक्तिक चारित्र्याची झाडाझडती घ्यायला बसलेलो नाही. 2017 मध्ये ध्वनिफितींवरून त्यांच्यावर आरोप झाले, त्यांना पदापासून दूर ठेवून चौकशी झाली, चौकशीत ते दोषमुक्त ठरले आणि पदावर परतले. तो विषय तिथे संपला असेच आम्ही धरतो. समृद्धी महामार्ग त्यांच्या काळात उभा राहिला, हेही खरे. 701 किलोमीटरचा रस्ता कागदावरून जमिनीवर आणायला कर्तबगारी लागते; ती नाकारणारा करंटा. आमचा प्रश्न निराळा आणि साधा आहे. निवृत्तीनंतर मुदतवाढ, ती संपली की पुन्हा मुदतवाढ, तीही संपली की आणखी एक. देवेंद्र फडणवीस गेले, उद्धव ठाकरे आले. ठाकरे गेले, एकनाथ शिंदे आले. एकमेकांचे तोंड न पाहणारी तीन सरकारे एका कागदावर मात्र एकमताने सही करत राहिली. कोट्यवधी लोकांच्या या राज्यात, भारतीय प्रशासन सेवेच्या शेकडो अधिकाऱ्यांत, महामंडळाचा गाडा हाकायला दुसरा माणूस मिळाला नाही? आणि मिळालाच नसेल, तर एवढ्या वर्षांत तो तयार करण्याची जबाबदारी कुणाची होती?

सेवेतल्या अधिकाऱ्यावर सेवानियमांचा बडगा असतो, पुढच्या पदाची आशा असते, फायलीवर विरोधी शेरा मारला तरी निवृत्तिवेतन कुणी हिरावून घेत नाही हा धीर असतो. मुदतवाढीवरच्या माणसाला यातले काय? त्याची पुढची सही मंत्र्याच्या मर्जीवर. अशा माणसाने मंत्र्याला ‘नाही साहेब, हे बसत नाही’ असे म्हणावे, ही अपेक्षाच कशाला? सांगणारा नेक असेलही. पण दर सहा महिन्यांनी, वर्षाने ज्याच्या भाकरीचा निकाल लागतो त्याच्याकडून नेकी मागणे ही सरकारची लबाडी आहे. एकाला इतका अस्थिर ठेवायचा की त्याने मान वर करू नये, दुसऱ्याला इतका स्थिर ठेवायचा की त्याने मान वळवू नये. औषधे दोन, गुण एकच.

आणि कायदा? आहे ना! अण्णा हजारे यांच्या उपोषणांनी घाम फुटला म्हणून केलेला 2005 चा बदल्यांचा कायदा या राज्याच्याच विधिमंडळाने मंजूर केला आहे. एका पदावर सर्वसाधारण मुदत तीन वर्षे, असे तो म्हणतो. सनदी अधिकाऱ्यांच्या बदलीचा सक्षम प्राधिकारी कोण, तर खुद्द मुख्यमंत्री. मुदतीआधी हलवायचे असेल तर अपवादात्मक परिस्थिती किंवा विशेष कारण हवे आणि ते लेखी नोंदवले पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने 31 ऑक्टोबर 2013 रोजी टी. एस. आर. सुब्रमणियन यांच्या याचिकेवर निकाल देताना नागरी सेवा मंडळे आणि निश्चित मुदत यांचा आदेश दिला. केंद्राने 2014 च्या जानेवारीत नियम दुरुस्त करून किमान दोन वर्षे ठरवून दिली. इतके सगळे लिहून ठेवले आहे. मग दोन वर्षांत चार साहेब बदलतात तेव्हा चारही वेळा अपवादात्मक परिस्थिती उद्भवते काय? पुण्याच्या बसडेपोत दर सहा महिन्यांनी भूकंप होतो? ती लेखी कारणे छापा एकदा. दोन पाने लागतील. तेवढी जागा आम्ही फुकट देऊ.

मंत्रालयाच्या जिन्यावर या नोकऱ्यांना खास नावे आहेत. जिल्हाधिकारी, महापालिका आयुक्त ही ‘क्रीम’. महामंडळ म्हणजे ‘साइड पोस्टिंग’. तिथे पाठवला म्हणजे साहेब कुणाच्या तरी डोळ्यांत खुपला, असे शिपायालाही कळते. आज मेंढी व शेळी विकास, उद्या यंत्रमाग, परवा चित्रपट आणि रंगभूमी. मेंढीची लोकर कातरायचे शिकावे तोवर नाटकाची तिसरी घंटा! अपवाद दोन-तीन: रस्ते महामंडळ, एमआयडीसी, सिडको. जिथे जमीन आणि निविदा आहेत तिथली खुर्ची कधीच ‘साइड’ नसते. तिच्यासाठी रांग लागते. म्हणजे महामंडळांच्याही दोन जाती: एक हद्दपारीची, एक वतनाची. लोकांच्या कामाची जात कुठे गेली, कुणी सांगेल काय?

त्यांच्या डोक्यावर अध्यक्ष म्हणून कोण, तेही पाहा. मंत्रिमंडळात जागा मिळाली नाही म्हणून रुसलेल्या आमदाराला महामंडळ देतात आणि वर्तमानपत्रे बिनदिक्कत छापतात: अमक्याचे ‘पुनर्वसन’ झाले. हा शब्द मावळात तरी जपून वापरा. पवना धरणात ज्यांची शेते बुडाली त्यांतले कितीतरी खातेदार पन्नास वर्षांहून अधिक काळ पुनर्वसनाच्या कागदांचे गाठोडे बगलेत मारून तहसील ते मंत्रालय फिरत आहेत. आजोबाने अर्ज लिहिला, बापाने स्मरणपत्र लिहिले, नातू आता ऑनलाइन तक्रार नोंदवतो. आणि रुसलेल्या आमदाराचे पुनर्वसन पंधरा दिवसांत!

महामंडळाच्या खुर्चीवर माणूस टिकला आणि त्याच्या पाठीशी मंत्री उभा राहिला म्हणजे काय होते, हे मावळाने आपल्या डोळ्यांनी पाहिले आहे. रस्ते विकास महामंडळ 1996 चे. द्रुतगती मार्गाचे काम खासगी कंपनीला द्यायचे ठरत होते. सर्वांत कमी निविदा साडेतीन हजार कोटींच्या पुढची होती. बांधकाम मंत्री नितीन गडकरी यांनी ती फेटाळायला लावली, महामंडळाने स्वतः रोखे उभारून रस्ता बांधला आणि तो सुमारे सोळाशे कोटींत झाला. तेव्हा महामंडळाच्या खुर्चीवर आर. सी. सिन्हा होते. पुढे नागपूरच्या मिहानसाठी विमानतळ विकास कंपनीही त्यांनीच सांभाळली. 94.5 किलोमीटर, सहा पदरी, काँक्रीटचा. 2000 पासून टप्प्याटप्प्याने खुला होत 2002 मध्ये पुरा झाला. रस्त्याच्या दोन्ही अंगांना ज्यांची वावरे चिरली गेली त्यांचे दुःख आम्ही विसरलेलो नाही. आपल्याच शिवारातून गेलेल्या रस्त्यावर मावळच्या शेतकऱ्याला ट्रॅक्टर नेता येत नाही आणि दुचाकीही नेता येत नाही. पलीकडच्या वावरात जायला वळसा घालून भुयारी बोगदा शोधायचा, आणि पावसाळ्यात त्यात गुडघाभर पाणी. तरी म्हणू, सरकारी कंपनीने निम्म्याहून कमी खर्चात काम करून दाखवले. सरकारला धंदा जमत नाही म्हणणाऱ्यांच्या तोंडावर मारलेली ती चपराक होती.

आणि मग 2004 आले. सोन्याची कोंबडी हाती आलेली; तिचा पंधरा वर्षांचा टोल महामंडळाने एका खासगी समूहाला एकरकमी 918 कोटींना देऊन टाकला. 2019 च्या ऑगस्टमध्ये ती मुदत संपली. 2020 मध्ये त्याच रस्त्याचा टोल दहा वर्षांसाठी त्याच समूहाला दिला, किंमत 8,262 कोटी. पाटी-पेन्सिल घ्या. 918 ला 9 ने गुणा. बरोबर 8,262 येतात, एका कोटीचाही फरक नाही! योगायोग आहे, आम्ही जाणतो. वाहने वाढली, रुपया उतरला, हेही जाणतो. पण आधी पंधरा वर्षांना 918 आणि नंतर दहाच वर्षांना नऊपट, तर पहिला भाव कोणत्या त्रैराशिकाने काढला होता, हे विचारायला गणिताची पदवी लागत नाही. सजग नागरिक मंचाचे विवेक वेलणकर यांच्यासारखे कार्यकर्ते माहिती अधिकाराचे अर्ज घेऊन वर्षानुवर्षे हेच विचारत राहिले, टोलची लढाई न्यायालयापर्यंत गेली. महामंडळाकडून उत्तर कोण देणार? 2004 ला सही करणारे 2019 ला खुर्चीवर नव्हते. 2020 ला सही करणारे 2030 ला नसतील. करार पंधरा वर्षांचा, साहेब तीन वर्षांचा, मंत्री पाच वर्षांचा. जन्मभराचा कोण? तर 1 एप्रिल 2023 पासून एका फेरीला 320 रुपये मोजू लागलेला मोटारवाला.

जुन्या महामार्गावर काय चालले आहे तेही बघा. सोमाटण्याला एक नाका, वरसोलीला दुसरा. राष्ट्रीय महामार्गांच्या टोलचे नियम दोन नाक्यांत साठ किलोमीटर अंतर सांगतात. इथे त्याच्या निम्म्याच्या आसपास. तळेगावकरांनी मोर्चे काढले, उपोषणे केली. दर खेपेला चर्चेला नवा अधिकारी, आणि तो म्हणणार, ‘मी नुकताच चार्ज घेतलाय, अभ्यास करून सांगतो.’ या एका वाक्यावर महाराष्ट्रात किती आंदोलने मेली असतील, याची गणती कुणी ठेवलेली नाही. अभ्यास पुरा होतो तेव्हा साहेबांची बदली होते आणि नव्या साहेबांचा पहिला धडा सुरू होतो. येरे माझ्या मागल्या.

खुर्च्यांचा हा खेळ माणसांच्या जिवावर कसा येतो, ते 13 जून 2023 ला लोणावळ्याने पाहिले. खंडाळ्याजवळ कुणे पुलावर रसायनाचा टँकर उलटला, पेटला. चौघांचे जीव गेले. त्यांतले काही जण तर द्रुतगती मार्गावर नव्हतेच. पुलाखालच्या साध्या रस्त्याने दुचाकीवर निघाले होते आणि वरून पेटते रसायन अंगावर पडले. ज्या रस्त्याने ज्यांना कधी दुचाकी आणू दिली नाही, तो रस्ता असा वरून खाली उतरून त्यांच्या अंगावर आला. घाटातून जाणाऱ्या ज्वालाग्राही मालाला वेळ ठरवून द्यायची, पुलाच्या कठड्याला खाली वस्ती असेल तिथे वेगळे संरक्षण द्यायचे, या गोष्टी एका वर्षात होत नाहीत. त्या मनावर घेऊन तीन-चार वर्षे पाठपुरावा करणारा माणूस लागतो, आणि तो माणूस तिथे चुकला तर हातात सापडावाही लागतो.

बऊरला तर त्याहून भयंकर झाले होते. 9 ऑगस्ट 2011, क्रांतिदिन. पवनेचे पाणी बंद नळातून पिंपरी-चिंचवडला नेण्याच्या विरोधात शेतकरी द्रुतगती मार्गावर उतरले आणि पोलिसांच्या गोळीबारात तिघे गेले. रस्ता महामंडळाचा, नळ महापालिकेचा, गोळी पोलिसांची, पाणी पाटबंधाऱ्याचे. चार सरकारी हात, आणि रक्त लागलेला एकही नाही! चौकशी आयोग बसला, वर्षे गेली, प्रकल्प अडला, मग त्यावरची स्थगिती उठली. त्या दिवशी निर्णयाच्या साखळीत जे जे होते ते आपापल्या वाटेने पुढे गेले. तीन घरांतल्या माणसांना मात्र कुठेही बदली मिळाली नाही.

‘मिसिंग लिंक’चीही तीच कथा. खोपोलीपासून कुसगावपर्यंत 13 किलोमीटरचा नवा रस्ता, त्यात लोणावळ्याच्या तलावाच्या खोल खालून जाणारा जवळपास नऊ किलोमीटरचा बोगदा, दरीवर केबल-स्टेड पूल. अभियंत्यांनी आणि मजुरांनी वाऱ्यापावसात लटकून जे काम केले त्याला आमचा दंडवत. पण 2019 मध्ये सुरू झालेल्या या कामाला साहेबांनी आणि मंत्र्यांनी पाहणी दौऱ्यात हेल्मेट घालून ज्या तारखा दिल्या, त्या सगळ्या एका भिंतीवर लिहिल्या तर दिनदर्शिका तयार होईल. तारीख देणारा एक, टाळणारा दुसरा, फीत कापणारा तिसरा. दरम्यान 1830 पासून घाटात उभा असलेला अमृतांजन पूल 5 एप्रिल 2020 ला, लोक घरात कोंडलेले असताना, सुरुंगाने उडवला. अडथळा होता, मान्य. त्या पुलाने जवळपास दोनशे वर्षांत एकदाही मुदतवाढ मागितली नव्हती.

एमआयडीसीबद्दल तळेगावात बोलायला लागलात तर चहा गार होईल. 1961 चा कायदा, 1962 ची स्थापना, आणि कलम 32 ची भूसंपादनाची नोटीस. गावाला नोटीस येते, सातबाऱ्याच्या इतर हक्कांत शेरा बसतो. मोबदल्याचा दर मात्र ठरत नाही. शेरा बसलेली जमीन विकता येत नाही, तिच्यावर कर्ज मिळत नाही. पोरीचे लग्न पुढे ढकलले जाते. दर ठरवायच्या बैठकीला मुख्य कार्यकारी अधिकारी येतात, शेतकऱ्यांचे ऐकून घेतात, मान डोलवतात. पुढच्या बैठकीला दुसरेच कुणी तरी असतात. 2022 च्या सप्टेंबरात वेदांत-फॉक्सकॉन तळेगावऐवजी गुजरातला चालले म्हणून राज्यभर रान उठले. पुढच्या वर्षी फॉक्सकॉननेच त्यातून अंग काढून घेतले. तळेगावात डिसेंबर 2020 ला जनरल मोटर्सचा कारखाना थांबला तेव्हा कामगार गेटवर बसले. त्या वेळी त्यांच्या बाजूला येऊन बसलेला एखादा महामंडळाचा साहेब कुणाला आठवतो का? जमीन देताना महामंडळ मध्यस्थ असते. कारखाना बंद पडला की ते तिऱ्हाईत.

सरकारी साहेब आणि धंदा हे दोन शब्दच विजोड आहेत, असे म्हणणाऱ्यांना जे. बी. डिसूझा हे नाव सांगावे लागेल. हा सनदी अधिकारी बेस्टचा महाव्यवस्थापक होता, सिडकोच्या सुरुवातीच्या दिवसांत व्यवस्थापकीय संचालक होता, मुंबईचा पालिका आयुक्त होता, राज्याचा मुख्य सचिव होता. निवृत्तीनंतर मुदतवाढीचा अर्ज घेऊन तो मंत्रालयात घुटमळला नाही. ‘सामना’तल्या अग्रलेखांवर खटला भरा म्हणून तो उलट सरकारलाच कोर्टात खेचायला गेला. हरला, पण गेला. अग्रलेख लिहिणाऱ्या जमातीचे आम्ही; आमच्या धंद्याला त्याने कोर्ट दाखवले, तरी आम्ही टोपी काढतो. खुर्ची सुटल्यावरही ज्याचा कणा शाबूत राहिला, त्याचा खुर्चीवर असतानाही शाबूत होता, असे मानायला हरकत नाही.

आणखी मागे, तळेगावातच जाऊ. अंताजी दामोदर काळे यांनी महाराष्ट्रभर दारोदार फिरून माणशी एकेक पैसा मागितला, टिळकांनी त्यामागे आपले वजन उभे केले, आणि त्या पैशांतून 1908 मध्ये तळेगावला पैसा फंडाचा काच कारखाना उभा राहिला. लोकांच्या मालकीचा उद्योग म्हणावा तर हा. त्याची सूत्रे कुणाकडे दिली? परदेशात काचविद्या शिकून आलेल्या ईश्वरदास वार्ष्णेय यांच्याकडे. भट्टीत किती वाळू, किती क्षार, किती आच हे ज्याला कळते त्याच्याकडे. फंडाची पावती एका पैशाची होती, म्हणून हिशेब मागायला कुणालाही लाज वाटत नसे. आज आमच्याच पैशाच्या कंपन्या, पण मालकाला ताळेबंद दिसत नाही. कॅगच्या अहवालांत एक यादी ठरलेली असते, हिशेब थकवलेल्या सरकारी कंपन्यांची. मावळच्या दूध सोसायटीने एक वर्ष लेखापरीक्षण चुकवले तर उपनिबंधक नोटीस धाडतो, संचालक मंडळ बरखास्त करतो. सरकारच्या कंपनीने चुकवले तर? साहेबांची बदली होते. बहुधा वरच्या पदावर.

तेव्हा सरकारला आमचे रोखठोक सांगणे आहे. नेमायचा तो माणूस तीन वर्षांसाठी नेमा, आणि तीन वर्षे त्याच्या खुर्चीला हात लावू नका. लावायचाच असेल तर का लावला हे लिहून राजपत्रात छापा. निवृत्त झालेल्याला सन्मानाने घरी पाठवा. त्याचे ज्ञान हवे असेल तर सल्लागार म्हणून बसवा, सहीचा अधिकार देऊ नका. ‘अतिरिक्त कार्यभार’ तीस दिवसांपलीकडे नको. पंधरा वर्षांच्या करारावर सही करणाऱ्याने वार्षिक सर्वसाधारण सभेइतकीच जाहीर सभा तालुक्याच्या ठिकाणी घ्यावी, वडगावला पंचायत समितीच्या सभागृहात, माइक लावून. विधिमंडळात अहवाल ठेवता ना, मग आमच्यापुढेही ठेवा.

हे सगळे जड जात असेल तर निदान एक करा. उर्से नाक्यावर टोलदरांचा मोठा फलक आहे: मोटार, मिनीबस, ट्रक, बस, प्रत्येकाचा भाव ठळक अक्षरांत. त्याच्या शेजारी तेवढाच दुसरा फलक लावा. 1996 पासून आजपर्यंत या महामंडळाच्या खुर्चीवर कोण आला, कोणत्या तारखेला आला, कोणत्या तारखेला गेला, मुदतवाढ किती वेळा आणि कुणाच्या सहीने. सोमाटण्याला आणि वरसोलीलाही एकेक. स्वारगेटच्या आणि निगडीच्या डेपोत पीएमपीचा वेगळा. तिथे खाली रिकाम्या ओळी जास्त ठेवा. पत्रा आणि रंग परवडत नसेल तर तसे कळवावे. वर्गणी काढू, माणशी एक रुपया.